सेन्सरलाही परतीची वाट लागते

टेबलावर असताना रोबोट अगदी शहाण्यासारखा वागतो. लॅपटॉपला यूएसबी केबलने जोडलेला असतो, चाकं हवेत असतात. समोर हात नेला की अंतर बरोबर सांगतो, काळी पट्टी दाखवली की ओळखतो. मग केबल काढून बॅटरी लावायची आणि त्याला जमिनीवर सोडायचं. झालं! तो जागच्या जागी गरागरा फिरतो, नाहीतर हातभर जाऊन थबकतो, नाहीतर समोर काही नसताना भिंत दिसल्यासारखा मागे सरकतो.

अशा वेळी मुलं कोड उघडून बसतात. ओळी बदलतात, डिले म्हणजे थांबण्याचा वेळ वाढवतात, मग सेन्सर बदलतात, शेवटी बोर्डच (रोबोटचा मेंदू असलेली, तारा जोडायला पिना असलेली पाटी) बदलतात. मुलांच्या रोबोटांत लुडबुड करायची मला जुनी खोड आहे, आणि त्यातून एक गोष्ट पक्की कळली. कोड बहुतेक वेळा निर्दोष असतो आणि सेन्सरही. दोष या दोघांच्या मधल्या वीतभर तारेत असतो. त्यातही सिग्नलच्या तारेत कमी आणि जिच्याकडे कुणी बघत नाही त्या काळ्या तारेत जास्त. म्हणून सुरुवात काळ्या तारेपासूनच करू.

मोजायचं कुठून?

"या पिनवर ५ व्होल्ट आहेत" हे वाक्य अर्धवट आहे. विहिरीत पाणी वीस फुटांवर आहे म्हटलं की विचारावं लागतं, कुठून वीस फूट? काठापासून, की पहिल्या पायरीपासून? व्होल्टेजचंही तसंच. तो दोन ठिकाणांमधला फरक असतो, एकट्या तारेला व्होल्टेज नसतं. सर्किटमध्ये जिथून मोजायचं तो काठ आपण ठरवून घेतो आणि त्याला ग्राउंड म्हणतो. जमिनीशी त्याचा संबंध असायलाच हवा असं नाही. बॅटरीवर पळणाऱ्या रोबोटच्या ग्राउंडचा तर नसतोच.

साध्या सेन्सरला तीन तारा असतात. एकीतून वीज येते (सेन्सरच्या छोट्या पाटीवर, म्हणजे मॉड्यूलवर, व्हीसीसी लिहिलेलं असतं), एकीतून परत जाते (जीएनडी), आणि तिसरीवर सेन्सर आपलं म्हणणं मांडतो. मांडतो म्हणजे काय, तर स्वतःच्या ग्राउंडपासून ती तार वर उचलतो किंवा खाली सोडतो. बोर्ड ती तार वाचतो तेव्हा मात्र आपल्या ग्राउंडपासून मोजतो. दोघांचा काठ एकच असेल तर मोजमाप जुळतं. नसेल तर सेन्सर खरं बोलतो, बोर्ड बरोबर ऐकतो आणि तरी निष्पन्न होतो गोंधळ.

हा गोंधळ हमखास होतो तो दोन बॅटऱ्या वापरल्यावर. मोटरसाठी एक, बोर्डसाठी दुसरी. कल्पना चांगली आहे, पण दोन्हींचे निगेटिव्ह एकमेकांना जोडायचे राहून जातात. "सर, बॅटऱ्या वेगळ्या आहेत, मग तारा का जोडायच्या?" हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. उत्तर एवढंच, की वीज वेगळी घ्या, काठ एकच ठेवा. बोर्डकडून मोटर ड्रायव्हरकडे (बोर्डच्या इशाऱ्यावर मोटरला वीज देणाऱ्या मॉड्यूलकडे) जाणारा सिग्नलही कशापासून तरी मोजला जाणार असतो, आणि त्या सिग्नलबरोबर गेलेल्या प्रवाहाला परत यायला वाट लागते. पॉझिटिव्ह मात्र कधीही एकत्र जोडायचे नाहीत.

ग्राउंड तुटलेला सेन्सर पूर्ण बंद पडला तर बरं झालं असतं, दोष लगेच सापडला असता. पण तसं होत नाही. वीज दुसऱ्या एखाद्या पिनमधून, चिपच्या आतल्या संरक्षक डायोडमधून आडवाटेने परतते. मॉड्यूलवरचा दिवा मिणमिणतो, आकडे येतात, फक्त ते भलतेच असतात. दिवा लागला म्हणजे जोडणी बरोबर, हा समज सोडून द्यायला हवा.

लटकती पिन

आता याच गोष्टीचं दुसरं रूप. रोबोटच्या पुढच्या बाजूला धडक ओळखणारा साधा स्विच बसवला आहे. दाबला की पिन ५ व्होल्टला जोडली जाते. सोडला की? बहुतेक जण म्हणतात, शून्य. चूक. सोडल्यावर ती पिन कशालाच जोडलेली नसते. मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे बोर्डवरच्या मुख्य चिपची, इनपुट पिन जवळपास प्रवाह घेतच नाही, त्यामुळे ती अधांतरी राहिली की अँटेनासारखी वागते. शेजारच्या मोटरची कुरकुर, जवळ आलेलं बोट, काहीही तिला ०चा (व्होल्टेज खाली) १ (व्होल्टेज वर) करायला पुरेसं असतं. बोट जवळ नेल्यावर आकडा बदलणारी पिन दिसली की समजावं, ही लटकते आहे.

उपाय म्हणजे तिला एका मोठ्या रेझिस्टरने (प्रवाहाला अडवणाऱ्या भागाने) कुठेतरी बांधून ठेवणं. १० किलोओहमचा रेझिस्टर पिन आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये लावला की पिन स्वस्थ असताना वर राहते. हा पुलअप. अर्डुइनो उनो या लोकप्रिय बोर्डावरच्या (इथे उनो म्हणजे त्याची आर३ आवृत्ती) एटीमेगा३२८पी चिपमध्ये तो आतच असतो, २० ते ५० किलोओहमचा. कोडमध्ये पिनचा प्रकार 'इनपुट पुलअप' लिहिला की तो चालू होतो आणि बाहेर काहीच लावावं लागत नाही. मग स्विच पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये जोडायचा. दाबल्यावर ० येतो, सोडल्यावर १. उलटं वाटतं, पण यात एक फायदा लपलेला आहे. धडक घेणाऱ्या भागापर्यंत आता ५ व्होल्टची तार न्यावीच लागत नाही, आणि ती सोलवटून धातूच्या सांगाड्याला लागून शॉर्ट व्हायची भीती राहत नाही.

पाच आणि तीन पूर्णांक तीन

उनो ५ व्होल्टवर चालतो. ईएसपी३२ आणि रास्पबेरी पाय या दुसऱ्या बोर्डांच्या पिना ३.३ व्होल्टच्या. अंतर मोजणारा सर्वांचा लाडका अल्ट्रासॉनिक सेन्सर, एचसी-एसआर०४, ५ व्होल्टवर चालतो आणि त्याच्या एको पिनवर उत्तरही ५ व्होल्टमध्येच देतो. ती पिन सरळ रास्पबेरी पायला जोडली तर पायची पिन जळू शकते. जळली तरी धूर निघेलच असं नाही. कधी ती एकच पिन कायमची मुकी होते आणि माणूस दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत बसतो.

इथे दोन रेझिस्टर पुरतात. एकोपासून १ किलोओहम, पुढे बोर्डची पिन, आणि त्याच जागेपासून ग्राउंडला २ किलोओहम. ५ व्होल्टचे तीन भाग झाले, पिनच्या वाट्याला त्यातले दोन आले, म्हणजे ३.३३ व्होल्ट. उलट दिशेला, म्हणजे ३.३ व्होल्टच्या सेन्सरचं उत्तर उनोला देताना, सहसा काही करावं लागत नाही. एटीमेगा३२८पी पुरवठ्याच्या ०.६ पट व्होल्टेजला १ मानतो, म्हणजे ५ व्होल्टवर ३ व्होल्ट. ३.३ त्याच्या जरा वर आहे. निभावतं, पण मोकळी जागा फक्त ०.३ व्होल्टची, हे लक्षात ठेवा. पुढे मोटरची गडबड आली की एवढी जागा पुरत नाही.

आणि पिनकडून शक्तीची अपेक्षा करू नका. उनोच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घ्यावा, ४० ही चिपची कमाल सहनशक्ती. पिन इशारा देते, ओझं उचलत नाही. छोटीशी मोटरसुद्धा पिनला थेट जोडायची नसते.

सेन्सर बोलतात कसे

काही सेन्सर हो किंवा नाही एवढंच सांगतात. पट्टी ओळखणारं इन्फ्रारेड मॉड्यूल त्यातलं. त्यावर टीसीआरटी५००० नावाचा जोड असतो. एक डोळा अदृश्य प्रकाश सोडतो, दुसरा परतलेला प्रकाश बघतो, आणि एलएम३९३ ही चिप 'पुरेसा आला की नाही' याचा निकाल देते. निकालाची रेषा मॉड्यूलवरच्या छोट्या स्क्रूने हलवता येते. हा सेन्सर जमिनीपासून काही मिलिमीटरवरच नीट बघतो, आणि उन्हातही भरपूर इन्फ्रारेड असल्यामुळे खिडकीजवळ तो हमखास फसतो. त्याच्या तारा तपासण्याआधी पडदा ओढून बघावा.

काही सेन्सर कमी-जास्त सांगतात, म्हणजे ॲनालॉग. उनो ० ते ५ व्होल्टची पट्टी १०२४ भागांत मोजतो, म्हणून आकडा ० ते १०२३ येतो आणि एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची असते. हा आकडा लक्षात ठेवा, थोड्या वेळात लागणार आहे. मोजपट्टीचं वरचं टोक म्हणजे बोर्डचा स्वतःचा पुरवठा. तो ५चा ४.६ झाला तर पट्टीच आखडते, आणि सेन्सरने तेच व्होल्टेज दिलं तरी आकडा वाढतो.

अल्ट्रासॉनिक सेन्सर वेळेतून बोलतो. ट्रिग पिनवर १० मायक्रोसेकंदांचा ठोका दिला की तो ४० किलोहर्ट्झच्या आठ लहरी सोडतो आणि एको पिन वर उचलून धरतो. प्रतिध्वनी आला की खाली सोडतो. पिन जेवढे मायक्रोसेकंद वर राहिली त्याला ५८ने भागलं की सेंटिमीटर मिळतात. ५८ कुठून आले? २० अंश सेल्सिअसला ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मायक्रोसेकंदात ०.०३४३ सेंटिमीटर. एक सेंटिमीटर जाऊन परत यायला दोन सेंटिमीटरांचा प्रवास. भागाकार करून बघा.

आता सुरुवातीचा तो मागे सरकणारा रोबोट आठवा. एकोची तार निसटलेली असेल तर अर्डुइनोचं 'पल्सइन' हे फंक्शन ठोक्याची वाट बघत बसतं. आपण मर्यादा दिली नसेल तर तब्बल एक सेकंद. तेवढा वेळ रोबोट आंधळा आणि बहिरा. सेकंद संपला की ते ० परत देतं. शून्य मायक्रोसेकंद म्हणजे शून्य सेंटिमीटर, म्हणजे नाकाला भिंत! कोडमध्ये 'अंतर १० पेक्षा कमी असेल तर मागे जा' लिहिलेलं असतं आणि रोबोट ते इमानेइतबारे पाळतो. त्यामुळे दोन गोष्टी कराव्यात. या सेन्सरची नजर ४ मीटरांपर्यंतच पोचते, तेव्हा पल्सइनला २५००० मायक्रोसेकंदांची मर्यादा घालावी. आणि ० आला तर त्याला अंतर न मानता 'उत्तर आलं नाही' असं वेगळं समजावं. दोन-तीन असे सेन्सर लावले असतील तर सगळ्यांना एकदम हाक मारू नका, एकाचा प्रतिध्वनी दुसरा ऐकतो. पाळीपाळीने, मध्ये ६० मिलिसेकंद सोडून.

एका दोरीवर अनेक जण

आय-स्क्वेअर-सी, म्हणजे बोलीत 'आयटूसी', ही पद्धत फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये काढली, एकाच यंत्राच्या आतल्या चिप्सनी आपसात बोलावं म्हणून. म्हणजे ती मुळात काही इंचांच्या अंतरासाठी आहे. आपण ती रोबोटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढतो आणि मग ती रुसते.

दोनच तारा असतात. एसडीए ही बोलण्याची, एससीएल ही ताल धरण्याची. उनोवर त्या ए४ आणि ए५ या पिनांवर येतात, म्हणून आयटूसी वापरताना तिथे ॲनालॉग सेन्सर लावता येत नाही. गंमत अशी, की या तारांना कुणीच वर ढकलत नाही. स्प्रिंगने ताणून वर धरलेली दोरी समजा. ज्याला बोलायचं तो ती खाली ओढतो, सोडली की ती आपोआप वर जाते. स्प्रिंगचं काम करतात पुलअप रेझिस्टर, सहसा ४.७ किलोओहमचे. ते नसतील तर दोरी लोळत राहते आणि कुणाचंच बोलणं ऐकू येत नाही.

बाजारातल्या बहुतेक मॉड्यूलवर हे रेझिस्टर आधीच बसवलेले असतात. एक-दोन मॉड्यूलना ते सोयीचं. पण ४.७ किलोओहमची पाच मॉड्यूल एकाच दोरीवर टाकली की पाचही समांतर होतात आणि मिळून ०.९४ किलोओहम उरतात. ५ व्होल्टवर दोरी खाली ओढायला आता ५.३ मिलिअँपिअर लागतात. साध्या वेगाच्या आयटूसीचं मानक चिपकडून ३ मिलिअँपिअरचीच खात्री मागतं. स्प्रिंग इतकी ताठ झाली की ओढणाऱ्याचा हात पुरत नाही. म्हणूनच 'एकेकटा लावला की चालतो, सगळे लावले की नाही' हा चमत्कार घडतो. उपाय सोपा आहे. एक-दोन मॉड्यूलवरचे पुलअप ठेवून बाकीचे काढून टाकायचे.

तारा लांबल्या की उलटा त्रास. प्रत्येक तार थोडा विद्युतभार साठवते, दोरी हळू वर येते, आणि पुढचा ताल पडेपर्यंत पोचतच नाही. मानकाने एकूण धारणशक्तीला ४०० पिकोफॅरडची मर्यादा घातली आहे. आकडा बाजूला ठेवला तरी चालेल. तारा वीत-दोन वीत ठेवा, आणि वेग ४०० ऐवजी १०० किलोहर्ट्झ ठेवा. रोबोटला सहसा तेवढा पुरतो.

एकाच दोरीवर अनेक जण असल्यामुळे प्रत्येकाला पत्ता असतो, सात बिटांचा. तोल आणि वळण मोजणाऱ्या एमपीयू६०५०चा पत्ता ०एक्स६८ ('०एक्स' म्हणजे पुढचा आकडा सोळाच्या पद्धतीत लिहिलेला). त्याची एडी० पिन वर बांधली की तो ०एक्स६९ होतो, म्हणजे असे दोन लावता येतात. घड्याळाची लोकप्रिय चिप डीएस३२३१, तिचाही पत्ता ०एक्स६८! दोन्ही एकत्र लावणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. लेझरने अंतर मोजणारे व्हीएल५३एल०एक्स तर सगळेच ०एक्स२९ घेऊन जन्माला येतात. असे तीन लावायचे तर प्रत्येकाची एक्सशट पिन बोर्डच्या वेगवेगळ्या पिनांना जोडायची, सुरुवातीला तिघांनाही झोपवायचं, मग एकेकाला उठवून नवा पत्ता द्यायचा. वीज गेली की ते नवा पत्ता विसरतात, त्यामुळे हे दर वेळी करावं लागतं. तारांचा एवढा पसारा नको असेल तर टीसीए९५४८ए ही चिप एका दोरीच्या आठ फांद्या करून देते.

आयटूसीचा स्वभाव आणखी एका बाबतीत वाईट आहे. मध्येच तार हलली आणि दोरी कुणीतरी खाली ओढलेल्या अवस्थेत अडकली, तर उनोवरचा कोड तिथेच गोठू शकतो, आणि मोटरला दिलेला शेवटचा हुकूम तसाच चालू राहतो. 'गरागरा फिरणारा' रोबोट बरेचदा हा असतो. अर्डुइनोवर आयटूसी चालवणाऱ्या 'वायर' या तयार कोडच्या, म्हणजे लायब्ररीच्या, नव्या आवृत्तीत वेळेची मर्यादा घालायची सोय आहे. ती आपणहून चालू नसते, चालू करावी लागते.

एसपीआय या दुसऱ्या बोलण्याच्या पद्धतीबद्दल एवढंच, की तो वेगवान आहे, तारा जास्त लागतात, आणि प्रत्येक सेन्सरला निवडीची एक स्वतंत्र तार हवी. सिरियल या तिसऱ्या पद्धतीत एकाचा टीएक्स (पाठवणारी पिन) दुसऱ्याच्या आरएक्सला (ऐकणाऱ्या पिनला) जातो. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी, हे समजलं की ते विसरत नाही.

पिना वाटताना

पिना मिळेल तशा वापरू नका, आधी कागदावर वाटून घ्या. उनोच्या ० आणि १ लॅपटॉपशी बोलण्यात गुंतलेल्या असतात, त्या सोडा. २ आणि ३ या पिना बाहेरच्या घटनेवर चालू काम थांबवून लक्ष देऊ शकतात, त्या चाकांच्या एन्कोडरसाठी (चाक किती फिरलं ते मोजणाऱ्या सेन्सरसाठी) राखून ठेवा. सर्वोची (सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या मोटरची) लायब्ररी वापरली की ९ आणि १० वरचं पीडब्ल्यूएम (वीज झटपट चालू-बंद करून वेग कमी-जास्त करायची सोय) बंद होतं. मोटरचा वेग त्यांवर असेल तर सर्वो जोडल्याच्या दिवशी मोटर रुसते आणि सगळे सर्वोला दोष देतात. ईएसपी३२वर वायफाय चालू असताना एडीसी२ या नावाच्या गटातल्या पिना ॲनालॉग मोजमापाला मिळत नाहीत, आणि ३४ ते ३९ या पिना फक्त ऐकतात, शिवाय त्यांच्या आत पुलअप नसतो.

खचणारा काठ

आता मुख्य रहस्य. टेबलावर चालतो, जमिनीवर नाही.

टेबलावर चाकं हवेत होती. मोकळं फिरणारी मोटर थोडाच प्रवाह घेते. जमिनीवर रोबोटचं वजन चाकांवर येतं, आणि थांबलेली मोटर सुरू होण्याच्या क्षणी चालत्या मोटरच्या कित्येक पट प्रवाह ओढते. शिवाय टेबलावर बोर्डला वीज लॅपटॉप देत होता आणि आता मोटर आणि बोर्ड एकाच बॅटरीवर आहेत. मोटरने घोट घेतला की बॅटरीचं व्होल्टेज खाली बसतं, बोर्ड क्षणभर गुदमरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. 'हातभर जाऊन थबकतो' तो असा. मोटर लावली, रिसेट झाला, पुन्हा मोटर लावली, पुन्हा रिसेट. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी याबाबतीत सगळ्यांत नालायक. तिचा आतला रोधच एक-दोन ओहम असतो, एक अँपिअर मागितला की एक-दोन व्होल्ट आतच संपतात. कमी प्रवाह लागणाऱ्या वस्तूंना ती चालते, चाकांना नाही.

हे ओळखायची एक युक्ती आहे. कोडच्या सेटअपमध्ये बोर्डवरचा दिवा तीनदा लुकलुकवा. धावता धावता तो पुन्हा तीनदा लुकलुकला, तर बोर्ड नव्याने सुरू झाला. मग सेन्सरला हात लावू नका, पुरवठा बघा.

पण बोर्ड रिसेट न होताही सेन्सरचे आकडे नाचतात, आणि त्याचं कारण मला या विषयातलं सगळ्यांत सुंदर कारण वाटतं. आपण ग्राउंडला काठ म्हटलं, जणू तो सगळीकडे एकाच पातळीवर असतो. तसा तो नसतो. ग्राउंडची तारही तारच आहे, तिला रोध आहे. बारीक जंपर वायर आणि ब्रेडबोर्डची (तारा नुसत्या खोचायच्या भोकांच्या पाटीची) दोन-तीन ढिली टोकं मिळून एक दशांश ओहम धरा. मोटरचा एक अँपिअर परतताना त्या तारेतून गेला, तर तारेच्या दोन टोकांत ०.१ व्होल्टचा फरक पडतो. सेन्सरचा ग्राउंड त्याच तारेच्या लांबच्या टोकाला टोचला असेल, तर सेन्सर ज्या काठावर उभा आहे तो काठच बोर्डच्या तुलनेत ०.१ व्होल्टने सरकला. एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची होती, आठवतं? म्हणजे आकडा सुमारे २० पायऱ्यांनी हलला. समोर काहीही न बदलता.

म्हणून मोटरची परतीची तार जाड हवी आणि ती सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला जायला हवी. सेन्सरचे ग्राउंड बोर्डला. बोर्डचा ग्राउंड वेगळ्या तारेने बॅटरीच्या त्याच टोकाला. सगळे एकाच ठिकाणी भेटतात, पण वाटेत कुणी कुणाच्या रस्त्यावर चालत नाही. नवी वस्तू लागत नाही, फक्त एक-दोन तारा दुसऱ्या भोकात घालायच्या असतात.

ब्रश असलेल्या मोटरमध्ये सतत बारीक ठिणग्या उडतात, त्यांचा विद्युत गोंगाट तारांतून आणि हवेतूनही पसरतो. मोटरच्या दोन टोकांवरच ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर (थोडा विद्युतभार साठवणारा भाग) झाळा. त्यावर १०४ लिहिलेलं असतं. तो मोटरपाशीच हवा, बोर्डपाशी लावून उपयोग नाही, उगमालाच बांध घालायचा असतो. मोटरच्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून न्या, आणि सेन्सरच्या तारा त्यांच्यापासून लांब. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. बोर्डच्या पुरवठ्यावर १०० ते ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर छोट्या टाकीसारखा क्षणिक तुटवडा भरून काढतो. त्याच्या अंगावरचा पट्टा निगेटिव्ह बाजूला असतो. उलटा लावला तर फुगतो, फुटूही शकतो.

तार धरून ठेवणं

ब्रेडबोर्ड हे नाव खरोखरच्या पाव कापायच्या लाकडी फळीवरून आलं, जुने हौशी लोक तिच्यावर खिळे ठोकून सर्किट बांधायचे. माझ्या मते हादरे सोसण्याच्या बाबतीत ती फळी बरी होती. आजच्या ब्रेडबोर्डमध्ये तार फक्त चिमट्याच्या जोरावर उभी असते, आणि चालता रोबोट म्हणजे अखंड हादरा. शिवाय काही लांब ब्रेडबोर्डांच्या कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या मधोमध तुटक असतात. अर्ध्या सेन्सरना वीजच मिळत नाही आणि ते कुणाच्या ध्यानात येत नाही.

प्रयोगापुरता ब्रेडबोर्ड ठीक. जमलं की सेन्सरच्या तारा झाळून घ्या, किंवा स्क्रूच्या, नाहीतर खटका बसणाऱ्या कनेक्टरवर आणा. जिथे तार हलणार तिथे अनेक पदरी तार वापरा, एकपदरी तार वाकून वाकून आतल्या आत तुटते आणि बाहेरून साबूत दिसते. तार जिथे बोर्डला भेटते त्याच्या जरा अलीकडे ती सांगाड्याला बांधा, म्हणजे ओढ बांधलेल्या जागेवर येईल, जोडावर नाही.

रंग ठरवून घ्या. लाल पुरवठा, काळा ग्राउंड, बाकीचे सिग्नल. सर्वोवर तपकिरी म्हणजे ग्राउंड, लाल पुरवठा, नारिंगी सिग्नल असं बरेचदा दिसतं. पण रंगावर अंतिम विश्वास नको. सारख्या दिसणाऱ्या दोन मॉड्यूलवर पिनांचा क्रम वेगळा असू शकतो, एकावर पुरवठा डावीकडे तर दुसऱ्यावर ग्राउंड. मॉड्यूलवर छापलेलं दर वेळी वाचायचं. घाईत ठरावीक भोकात सवयीने घातलेल्या तारेने मी स्वतः एक चांगला सेन्सर भाजून काढला आहे. गरम झालेल्या चिपचा वास एकदा आला की हा धडा आपोआप पाठ होतो.

मल्टिमीटर कुठे टेकवायचा

वीज बंद ठेवून आधी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज आणि जोडणी तपासायचं यंत्र, 'बीप'वर लावा. पुरवठा आणि ग्राउंड यांच्यात बीप वाजत राहिली तर शॉर्ट आहे, बॅटरी लावू नका. मग प्रत्येक सेन्सरच्या ग्राउंड पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत बीप येते का बघा. तारेच्या टोकाला नको, सेन्सरच्या पिनलाच टेकवा, कारण तुटलेलं असतं ते बरेचदा तार आणि पिन यांच्या मधलंच. हे करताना तारा हलक्या हाताने हलवा. बीप अडखळली की चोर सापडला.

मग वीज चालू करून व्होल्टेज मोजा, तेही बोर्डपाशी नको, सेन्सरपाशी. एका वेळी एकच सेन्सर जोडा, त्याचे आकडे पडद्यावर बघा, मगच पुढचा.

शेवटची चाचणी सहसा कुणी करत नाही. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवा. एक टोक बोर्डच्या ग्राउंडवर, दुसरं सेन्सरच्या ग्राउंडवर. दोन्ही काळ्या तारा, म्हणजे आकडा शून्याच्या आसपास हवा, आणि मोटर बंद असताना तो असतोही. आता कुणाला तरी मोटर चालू करायला सांगा आणि चाकाला बोटाने थोडा अडसर द्या, जमिनीवर जाणवतो तेवढाच. आकडा पाच-दहा मिलिव्होल्टवर राहिला तर रोबोट जमिनीवर ठेवा. शंभराच्या पुढे गेला तर लॅपटॉप मिटून ठेवा आणि मोटरची काळी तार आधी बॅटरीपर्यंत न्या.